नवव्या मजल्याची दोरी

ऑगस्ट अर्धा उलटला की मला खिडक्यांची भीती वाटू लागते. एरवी वर्षभर खिडकी म्हणजे नुसती काच असते. आम्ही शारजात अल नहदाला राहतो. इथल्या इमारती इतक्या जवळजवळ आहेत की समोरच्या घरात कोण जेवायला बसलंय ते दिसतं. पण शाळा उघडण्याआधीचे दोन-तीन आठवडे वेगळे असतात. बाहेर पंचेचाळीस अंश, मुलं दोन महिने घरात कोंडलेली, आई-बापांची रजा संपलेली. मग मुलं पलंगावर चढतात, सोफ्यावर चढतात, आणि खोल्या लहान असल्यामुळे पलंग आणि सोफा खिडकीलाच लागलेले असतात.

ही भीती मला ज्यांनी शिकवली त्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे. मी त्यांच्याशी कसा वागलो तेही लिहायचं आहे.

सगळी इमारत त्यांना सारंगचाचा म्हणायची. रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे. चाळीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढलेली, त्यातली निम्मी सारंग म्हणून, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे म्होरके म्हणून. निवृत्त झाल्यावर मुलाकडे राहायला आले. मुलाचं घर आमच्याच मजल्यावर, नवव्या, लिफ्टच्या पलीकडे. बुटका, रुंद माणूस. चालताना पाय फाकवून टाकायचे, जणू मजल्याची फरशी कधीही एका बाजूला कलंडेल. लिफ्टमध्येही दांडी धरून उभे राहायचे.

मुलं जुलैत गावी जात आणि ऑगस्टमध्ये परत येऊ लागत. लॉबीत बॅगांचे ढीग लागायचे, लोणच्याच्या बरण्या फुटून वास सुटायचा. त्या गर्दीत चाचा लिफ्टजवळ उभे असायचे. प्रवास कसा झाला, पाऊस कसा आहे, असलं काही नाही. एकच प्रश्न. "घरात गेल्यावर खिडकी बगा. कडी लागते का?"

आमची इमारत जुनी. खिडक्या सरकत्या अल्युमिनियमच्या, कड्या निम्म्या तुटलेल्या. इमारतीचा नातूर, म्हणजे इथला वॉचमन, तक्रार लिहून घ्यायचा आणि "इन्शाल्ला" म्हणायचा. तेव्हा चाचांनी स्वतःच काम अंगावर घेतलं. त्यांच्याकडे कापडी पिशवी असायची. तीत पांढरी सुती दोरी, पितळी आकडे, स्क्रू ड्रायव्हर आणि मेणबत्तीचा तुकडा, दोरीची टोकं मेणात बुडवायला. ज्या घरात दहा वर्षांखालचं मूल, त्या घराची बेल वाजवायची. चौकटीत आकडा बसवायचा आणि खिडकीची मूठ दोरीने आकड्याला बांधायची.

त्यांची गाठ मी पुन्हा कुठे पाहिली नाही. अकराव्या मजल्यावर तेव्हा एक इंजिनिअर राहायचे. ते म्हणाले, "चाचा, आग लागली तर आम्ही काय दाताने तोडायची?" चाचा आठ दिवस दिसले नाहीत. मग नवीन गाठ घेऊन आले. दोरीची दोन टोकं दोन बाजूंना लांब सोडलेली. दोन्ही हात पूर्ण पसरून दोन्ही टोकं एकदम ओढली तरच सुटायची. लहान मुलाचे हात तेवढे पोचत नाहीत. एकच टोक ओढलं तर ती आणखी आवळायची.

मग परीक्षा. घरातल्या मुलाला सांगायचे, "सोड बघू. मी चहा पितो तोवर सुटली तर तुझ्या बापाची खुर्ची तुझी." मूल घाम गाळायचं, कप रिकामा व्हायचा. "हरलास? घे खजूर." एकही मूल जिंकलं नाही. चाचा दोरीवर थाप मारून म्हणायचे, "चाळीस वर्षांत माझी गाठ आपनहून सुटली नाय." त्यांच्याकडे फुशारकी मारायला तेवढंच होतं. पैसा नव्हता, घर मुलाचं होतं, सूनबाईच्या स्वयंपाकघरात त्यांना कुणी विचारत नव्हतं. पण हे वाक्य बोलताना त्यांची मान ताठ व्हायची.

लोक हसायचेही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांना 'कॅप्टन' म्हणत. मीही म्हणायचो.

दुसरी दोरी त्यांच्या खिशात असायची, बारीक, हातभर लांब. शाळा सुरू झाली की सकाळी सहाला ते खाली ग्रोसरीच्या पायरीवर येऊन बसायचे. दुबईला ऊद मेथाला जाणारी शाळेची बस तिथेच थांबते. आमच्या इमारतीचं एक मूल बसमध्ये चढलं की दोरीला एक गाठ. दुपारी तेच मूल उतरलं की गाठ सोडायची. कुणी सांगितलं नव्हतं, पगार नव्हता. एकदा चौथ्या मजल्यावरचा मुलगा परस्पर मित्राच्या गाडीतून आजीकडे गेला. चाचा त्या एका गाठीसाठी साडेपाचपर्यंत उन्हात उभे होते. मुलाची आई खाली आली आणि म्हणाली, "अहो चाचा, मला फोन करायचा ना." ते म्हणाले, "तुमाला फोन केला असता तर मग तुमीपण घाबरला असता. दोघांनी कशाला?"

आता माझी गोष्ट.

त्या वर्षी आम्ही गावी गेलो नाही. बायकोची नोकरी नवीन होती, तिला रजा नव्हती. आमची मनू सहा वर्षांची, पहिलीतली. सुट्टीचे सगळे दिवस तिने या दोन खोल्यांत काढले. ऑगस्टच्या मध्याला चाचा पिशवी घेऊन आले आणि बेडरूमची खिडकी बांधली. परीक्षेत मनू हरली, खजूर खाल्ला. मग चाचा आमच्याकडे वळले. "आता तुमी दोघं. पाच वेळा सोडून परत बांधून दाखवल्याबिगर मी उठणार नाय."

बायकोने पाच वेळा बांधली. मी कानाला फोन लावून उभा होतो. गाठ सोडणं सोपं होतं, ते जमलं. बांधायला गेलो तर हातात गुंता झाला.

"चाचा, ऑफिसचा कॉल आहे," मी म्हणालो. "हिला येतं ना. खलास."

ते मला 'हापिसर' म्हणायचे. दोरी माझ्या हातातून घेत म्हणाले, "हापिसर, घरात माणसं दोन आनि गाठ एकाला येते. म्हणजे ही अर्ध्या दिवसाची दोरी झाली."

मी हसलो. ते हसले नाहीत.

मनू झाली तेव्हा मी सिगारेट सोडल्याचं बायकोला सांगितलं होतं. सोडली नव्हती. शुक्रवारी मी घरून काम करायचो, बायकोचं ऊद मेथाचं ऑफिस अर्धा दिवस असायचं. मनू हॉलमध्ये कार्टून बघत बसली की मी बेडरूमचं दार लोटायचो, हात पसरून दोरी सोडायचो, खिडकी वीतभर सरकवून एक सिगारेट ओढायचो. जिन्यात ओढली तर शेजारी बघणार, खाली गेलो तर ऊन. ओढून झाली की दोरी परत बांधायची. पण चाचांची गाठ मला येत नव्हती. मग मला जी येत होती ती मारायचो. बुटाच्या नाडीची. दोन कान काढून घट्ट ओढलेली. दुपारी बायको यायच्या आत तीही सोडून चाचांसारखी काहीतरी गुंतवून ठेवायचो, लांबून तशीच दिसावी म्हणून.

त्याच सुमारास आम्ही मनूला शाळेचे बूट घेतले होते. सुट्टीत पाय वाढला होता. दुकानात तिच्या मापाचे चिकटपट्टीचे बूट संपले होते, नाडीचेच उरले होते. "नव्वद दिरहम. म्हणजे दोन हजारांच्या वर गेले," बायको म्हणाली, "आणि हिला नाडी बांधता येत नाही." मी म्हणालो, "मी शिकवतो." चार संध्याकाळी मी मनूसमोर जमिनीवर बसून शिकवलं. दोन कान, एक वळसा, ओढ. आणि सोडायची कशी, तर एक टोक धरून ओढ, की खलास. चौथ्या दिवशी तिला आलं. मला इतका अभिमान वाटला की मी व्हिडिओ काढून आईला पाठवला.

पुढचं एव्हाना कुणाच्याही लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं.

तो शुक्रवार होता, शाळा सोमवारी उघडणार होती. साडेबाराच्या सुमारास मी सिगारेट ओढली, नाडीची गाठ मारली आणि हॉलमध्ये कॉलवर बसलो. मनू नवे बूट घालून घरभर टक टक करत फिरत होती. थोड्या वेळाने टक टक थांबली. मला बरं वाटलं. कॉलवर माझी बोलायची पाळी होती.

बेल वाजली. एकदा नाही, बोट दाबून धरल्यासारखी. मी हेडफोन काढून दार उघडलं. दारात सारंगचाचा. डोक्यावर नमाजाची टोपी, जुम्म्याच्या नमाजाहून परत येत होते. चेहरा राखेसारखा. त्यांच्या हातात एक लहान काळा बूट होता, नवा कोरा, टाच फुटलेला.

"पोरगी कुठाय?"

मी त्या बुटाकडे बघत राहिलो. चाचा मला ढकलून आत गेले. मी त्यांच्यामागून गेलो तेव्हा बेडरूमच्या दारात त्यांनी हात आडवा धरून मला थांबवलं.

मनू पलंगाच्या कडेवर उभी होती. खिडकी पूर्ण सरकवलेली. बाहेरची गरम हवा आत येत होती आणि पडदा फुगला होता. तिचं पोट चौकटीवर टेकलेलं, डोकं आणि खांदे बाहेर. एक पाय पलंगावर, त्यात बूट. दुसरा पाय हवेत, नुसता मोजा.

मी तोंड उघडलं. चाचांचा हात माझ्या छातीवर दाबला गेला. मग ते अगदी साध्या आवाजात, ग्रोसरीच्या पायरीवरून बोलावं तसं, म्हणाले, "मनू, बूट सापडला गो. हा बग माझ्याकडं हाय. तिथं नाय तो."

ती वळली नाही. "इट फेल डाउन," ती बाहेर बघत म्हणाली.

"व्हय. आनि मी पकडला. यल्ला, ये, नाडी बांधून दाव मला. मला नाय येत तसली."

पाच मोजेपर्यंत काही झालं नाही. खाली कुठेतरी गाडीचा हॉर्न वाजला. मग ती मागे सरकली, पलंगावर बसली आणि पाय पुढे केला. चाचांनी आधी एका हाताने तिचा दंड धरला, मग दुसऱ्या हाताने खिडकी ओढून घेतली. काच चौकटीला लागल्याचा आवाज आला तेव्हा मी भिंतीला टेकून खाली बसलो.

"हाऊ डिड यू ओपन इट?" मी विचारलं.

"जस्ट लाइक माय शूज, पपा," मनू म्हणाली. "यू पुल वन एन्ड. आय वॉन्टेड टु सी द बस स्टॉप."

खिडकीच्या आकड्याला दोरी लोंबत होती. तिच्यावर नाडीच्या गाठीचा पीळ अजून दिसत होता. चाचांनी ती बोटात घेतली, वाकून हुंगली, मग खिडकीच्या फटीतली राख पाहिली. मनूच्या पायाशी बसून तिच्याकडून नाडी बांधून घेतली.

दहा मिनिटांत बायको आली. मी सांगण्याआधी मनूनेच सांगितलं, की खिडकी उघडली, बूट पडला, चाचांनी पकडला. बायकोने तिला उचललं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. मग तिने विचारलं, "चाचा, तुमची गाठ सुटली कशी?"

चाचा माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. दारात उभं राहून कुणाला आधी आत जाऊ द्यावं तसे थांबले होते.

मला फक्त 'मी' म्हणायचं होतं. पण सिगारेटही सांगावी लागली असती, सहा वर्षं सांगावी लागली असती. मी म्हणालो, "दोरी जुनी झाली असेल. घसरली असेल."

चाचांनी मान खाली घातली. "व्हय," ते म्हणाले. "आता हाताचा भरवसा नाय ऱ्हायला." पिशवी त्यांनी आणलीच नव्हती, तरी जाताना खांद्यावर काही आहे का ते चाचपलं.

बायकोने त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. घाबरली होती. 'ज्यांच्याकडे चाचांनी बांधलंय त्यांनी कृपया तपासून घ्या. आमच्याकडची गाठ आपोआप सुटली.' लोकांनी हात जोडलेली चिन्हं टाकली. रविवारपर्यंत बऱ्याच घरांनी दोऱ्या कापून कुलपं आणली होती. चाचांचा मुलगा मला लिफ्टमध्ये भेटला. "सॉरी हां," तो म्हणाला. "अब्बांना मी सांगितलंय, आता कुणाच्या घरी जायचं नाय. वय झालं त्यांचं." मी म्हणालो, "असू दे, असू दे." हे दोन शब्द मी सबंध आयुष्यात बोललेल्यांपैकी सगळ्यात नीच आहेत.

सोमवारी शाळा उघडली. चाचा पायरीवर होते, हातात बारीक दोरी. पहिलं मूल बसमध्ये चढलं, त्यांनी गाठ मारली. तेव्हा चौथ्या मजल्यावरची तीच बाई, जिच्या मुलासाठी ते उन्हात उभे राहिले होते, प्रेमानेच म्हणाली, "चाचा, राहू द्या आता. बसमध्ये मोजतात मुलांना." चाचांनी मारलेली गाठ सोडली, दोरी गुंडाळून खिशात ठेवली आणि बसून राहिले. मी मनूचा हात धरून दोन पावलांवर उभा होतो. बस ट्रॅफिकमुळे बराच वेळ तिथेच उभी होती. तेवढ्या वेळात बोलता आलं असतं.

ते आमच्या घरी पुन्हा आले नाहीत. पण त्या आठवड्यात एका दुपारी मनू बसमधून उतरून वर आली ती दप्तर न काढता थेट बेडरूममध्ये गेली. तिने आकड्याची दोरी घेतली, जीभ बाहेर काढून वळसे घातले आणि चाचांची गाठ मारली. बरोब्बर तीच. मी टोक ओढून पाहिलं, आवळली.

"कुणी शिकवलं?"

"चाचा. डाउनस्टेअर्स. ही सेड पपा कॅन ओपन इट बट पपा कान्ट टाय इट. सो आय ॲम इन चार्ज."

म्हणजे त्या माणसाने विचार केला होता. मला सोडता येते, बांधता येत नाही. मनूला बांधता येईल, पण तिचे हात सोडायला पोचणार नाहीत. यापुढे मी खिडकी चोरून उघडली तर मला माझ्या मुलीला बोलावून ती बांधून घ्यावी लागणार. त्यांनी कुणाला काही न सांगता माझ्यावर पहारा बसवला होता. त्या दिवसापासून मी सिगारेट ओढलेली नाही, आणि त्यात माझं कर्तृत्व काहीच नाही.

हिवाळ्यात त्यांच्या मुलाला रास अल खैमाला सिरॅमिकच्या कारखान्यात नोकरी लागली. तिथे जागा लहान मिळाली, चाचा रत्नागिरीला परत गेले. जायच्या दिवशी सूनबाईने सगळ्या मजल्यावर सांदणं वाटली. आमच्याकडेही आली. मी ती खाल्ली.

याला आता सात वर्षं झाली. मनू आठवीत आहे. इमारतीला नव्या कड्या लागल्या आहेत, तरी तिच्या हट्टामुळे दोरी तशीच आहे. परवा अकराव्या मजल्यावर एक नवं कुटुंब आलं, लहान मुलगी आहे. लिफ्टमध्ये त्या आईने खिडक्यांचं विचारलं. माझी बायको म्हणाली, "कड्या नीट बघून घ्या. पूर्वी इथे एक चाचा होते, दोऱ्या बांधून द्यायचे. भला माणूस, पण त्यांच्या गाठी सुटायच्या."

घरी येऊन मी त्यांच्या मुलाकडून नंबर घेतला आणि फोन लावला. बराच वेळ वाजला. मागे कावळे ओरडत होते.

"चाचा, मी नवव्या मजल्यावरून. हापिसर."

"मनूचे पाय केवढे झाले?" त्यांनी विचारलं.

सांगितलं. मग म्हणालो, "ती गाठ तुमची नव्हती."

"ठाऊक हाय. बुटाची गाठ मला कळते. बिडीचा वासपण कळतो."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"पोरगी समोर होती. तिला वाटत होतं बापानं दिलेली इद्या चालली. तिच्यासमोर काय बोलू?" मग त्यांनी विचारलं, "बायकोला सांगितलंस?"

"नाही."

मग ते म्हणाले, "मग मला कशाला फोन केलास? मला तर माहीत होतं."

बायको हॉलमध्ये मनूच्या वह्यांना कव्हरं घालत होती. सोमवारी शाळा. मी तिला बेडरूममध्ये बोलावलं.

"काय रे? चेहरा का असा?"

मी खिडकीपाशी गेलो. दोन्ही हात पसरून दोरी सोडली. "त्या शुक्रवारी सिगारेट ओढून मी बांधली होती, तशी बांधतो," म्हणालो. "बघ." आणि मला येते ती गाठ मारली. दोन कान, एक वळसा.

तिने गाठीकडे पाहिलं. मग एक टोक धरून हलकेच ओढलं. दोरी तिच्या हातात सुटून आली. मला वाटलं, ओरडेल. मला ते हवंही होतं.

"सात वर्षं," ती म्हणाली. पलंगावर बसली, जिथे त्या दिवशी मनू उभी होती तिथेच. दारात मनू येऊन थांबली होती, तिच्याकडे बायकोने पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. दोरी मांडीवर ठेवून तिने हात पुढे केला.

"त्यांचा नंबर दे."